कुळागर विकून ‘एआय’ची पदवी घ्यावी का?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. नाव छापू नका, अशी त्यांची विनंती आहे. पत्रातला मुख्य भाग देते आणि खाली माझे उत्तर.

“माझी मुलगी बारावी सायन्सची परीक्षा देऊन निकालाची वाट बघते आहे. चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत होती, पुढे इंग्रजीतून शिकली. हुशार आहे, पण इंग्रजी बोलायला कचरते. माझा भाऊ म्हणतो, आता जमाना एआयचा आहे, तिला बेळगावकडच्या एका खासगी कॉलेजात एआयच्या ब्रँचला घालू. हॉस्टेल धरून चार वर्षांचा खर्च चौदा लाख सांगतात. एवढे पैसे आमच्याकडे नाहीत. पोफळी-माडांचे कुळागर आहे, त्याचा खालचा तुकडा घ्यायला एक गिऱ्हाईक तयार आहे. ह्यांना ते पटत नाही. ह्यांचे दोन ट्रक खाणीवर होते. २०१२ नंतर आमचे काय हाल झाले ते आम्हालाच ठाऊक. हे म्हणतात, एआय सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार, मग त्याच्यावर एवढा खर्च कशाला? त्यापेक्षा सरकारी नोकरी बघू. ओळखीतला एक माणूस क्लार्कच्या जागेसाठी पैसे मागतो आहे. इकडे मुलगी रात्रंदिवस मोबाईलवर त्या एआयलाच विचारून अभ्यास करते. त्यावरून तिच्या सरांनी मला शाळेत बोलावून घेतले होते. तिला विचारले तर म्हणते, ‘तुम्ही ठरवाल ते.’ २०२१ साली आयआयटी नको म्हणून आम्ही बायका रस्त्यावर बसलो होतो. आता लोक टोमणे मारतात, तेव्हा आयआयटी घालवली आणि आता शिकण्यासाठी जमीन विकता. मला रात्रीची झोप नाही. काय करू?”

ताई,

कुळागर विकू नका. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण तुमचे पत्र माझ्या हाती पडेपर्यंत दहा दिवस गेले आहेत आणि गिऱ्हाईक थांबून राहत नाही. विसार घेतला नसेल तर घेऊ नका. घेतला असेल तर दोघांनी जाऊन परत करा.

सत्तरीत जमीन आपल्या नावावर असणे म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. कितीतरी घरांनी पिढ्यान् पिढ्या काजू लावले, पण एक चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, त्यांचे नाव नाही. तुमचे नाव आहे. पोफळी, माड, त्यांवर चढवलेली मिरी, खाली केळी, मधून जाणारा पाट हे सगळे उभे राहायला एक आयुष्य लागते. पोफळीला तर धरायलाच पाच-सात वर्षे लागतात. चार वर्षांच्या फीसाठी गेलेला तुकडा पुन्हा तुमच्याकडे येणार नाही. आणि खालचाच तुकडा म्हणता, म्हणजे पाटाचे पाणी शेवटी जिथे पोचते तो. तो परक्याच्या हाती गेला की वरच्या तुकड्याची वाट, पाणी, कुंपण या सगळ्याचे वाद सुरू होतात. अशा वादांत भावाभावांचे बोलणे बंद झालेले मी पाहिले आहे.

लोकांचे टोमणे मनातून काढून टाका. शेळ-मेळावलीच्या त्या आयआयटीविरोधी आंदोलनात शिक्षणाचा राग नव्हता, पायाखालची जमीन जाण्याची धास्ती होती. सरकारने जानेवारी २०२१ मध्ये ती जागा सोडली. आयआयटी त्याआधी २०१६ पासूनच फोंड्याजवळच्या फर्मागुडीला, अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात, चालू झाली होती. ती तुमच्या वाड्याशेजारी उभी राहिली असती म्हणून तुमच्या मुलीला तिथे जागा मिळाली असती, असे नाही. आयआयटीची प्रवेश परीक्षा साऱ्या देशाला एकच, गावाला राखीव जागा नसते. कुंकळ्ळीच्या एनआयटीत मात्र गोव्याच्या मुलांसाठी वेगळ्या जागा असतात. तुमच्या मुलीने जेईई मेन दिली असेल, तर तिचा क्रमांक घेऊन तिथली चौकशी जरूर करा. चांगली संस्था हवी आणि जमिनीचा हक्कही हवा, या दोन्ही मागण्या एकाच बाईच्या असू शकतात. तुम्ही तेव्हा रस्त्यावर बसलात, त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही.

आता तुमच्या यजमानांविषयी. त्यांची भीती मी हलक्यात घेत नाही. मी डिचोली तालुक्यात तीस वर्षे गणित शिकवले, तो सगळा काळ माझ्या डोळ्यांसमोर आहे. चीनला खनिज जात होते. २०१०-११ साली गोव्यातून पाच कोटी टनांच्या वर खनिज बाहेर गेले. ज्याच्या दारात एक ट्रक होता त्याने दुसरा घेतला, ज्याच्याकडे नव्हता त्याने बायकोचे दागिने गहाण टाकून घेतला. मग बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. पुढच्या पावसाळ्यात मी शाळेत जायची त्या रस्त्याच्या कडेला ट्रक ओळीने उभे असत. एका ट्रकच्या हौद्यात मातीचा थर राहिला होता, त्यात पाणी साचून गुडघाभर गवत उगवले होते. त्या ट्रकवाल्याचा मुलगा माझ्या वर्गात होता. तो रस्ता सोडून मागच्या पायवाटेने शाळेत यायचा. का, ते मी त्याला कधी विचारले नाही. बंदी उठली, खाणी पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा लोकांना वाटले संकट टळले. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चमध्ये पुन्हा सगळे ठप्प झाले.

त्या ट्रकांत काही वाईट नव्हते, ताई. तुमच्या यजमानांच्या कष्टांतही नव्हते. सगळा गाव एकाच धंद्यात उतरला, तोही कर्ज काढून, आणि खनिज थांबले तर हा ट्रक दुसरे काय वाहील, हे कुणी विचारले नाही. आज तुमचे भाऊ जे सांगताहेत, ते मला अगदी तसेच ऐकू येते. त्यांचा हेतू चांगला आहे, भाचीचे भले व्हावे असेच त्यांना वाटते. पण ‘एआयची ब्रँच’ हे नाव ऐकून चौदा लाख टाकायचे आणि तेही कुळागर विकून, याला माझा ठाम विरोध आहे.

त्या ब्रँचमध्ये शिकवतात काय? मॅट्रिक्स, संभाव्यता, कलन, प्रोग्रॅमिंग. पहिल्या वर्षाचे विषय सगळ्या ब्रँचना जवळपास सारखेच असतात. पुढचा गाभाही कॉम्प्युटर, आयटी किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलाला मिळतो. ज्याचे गणित पक्के आहे तो कुठल्याही ब्रँचमधून एआयच्या कामाला लागू शकतो. ज्याचे कच्चे आहे त्याला पदवीवरचे नाव तारणार नाही. चॅटजीपीटी लोकांसमोर आले ते ३० नोव्हेंबर २०२२ ला. म्हणजे तुमची मुलगी तेव्हा नववीत होती, नाही तर आठवीत. एवढ्या थोड्या काळात जे इतके बदलले, ते ती पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत कुठे गेलेले असेल, याची खात्री कुठलेही कॉलेज देऊ शकत नाही. म्हणून लवकर शिळे होणार नाही ते तिला शिकू द्या.

मग एआय नोकऱ्या खाणार की नाही? काही खाणार. कंपन्यांत नव्या पोरांना सुरुवातीला जे किरकोळ कोड लिहायचे काम देत, ते यंत्र आता झटपट करते. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपली सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास माणसे कमी करणार असे जाहीर केले. कारण एआय नव्हे, माणसांची कौशल्ये आणि कामे यांचा मेळ बसत नाही, असे कंपनीने सांगितले. कारण कुठलेही मानले तरी आयटीची नोकरी म्हणजे जन्माची भाकरी, हा समज आता सोडायला हवा. पण त्यावरून शिकूच नये, हे तुमच्या यजमानांचे म्हणणे मला पटत नाही. यंत्राने दिलेले उत्तर चुकले आहे हे ज्याला कळते, त्या माणसाची गरज उलट वाढते आहे. वेर्णा-कुंडईच्या औषध कारखान्यांत एखादे यंत्र बंद पडले, तर ते उघडून बघणारा माणूसच लागतो.

त्या कॉलेजने तुम्हाला ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ सांगितलेच असेल. भावाला म्हणावे, एकदा समोर बसून विचारून या. शंभर टक्के म्हणजे कुणाचे? प्रवेश घेतला त्या सगळ्यांचे, की शेवटपर्यंत एकही विषय न राहता मुलाखतीला बसले त्यांचेच? सगळ्यात मोठे पॅकेज सांगू नका, पगार चढत्या क्रमाने लावले तर मधोमध बसलेल्या मुलाचा किती, ते सांगा. ऑफर मिळालेल्यांपैकी किती जण सहा महिन्यांनी खरोखर कामावर हजर झाले? एआय शिकवणारे प्राध्यापक गेल्या वर्षी काय शिकवत होते? आणि गेल्या वर्षी पास झालेल्या दोन मुलांचे फोन नंबर द्या, कॉलेजने निवडलेल्या नव्हे, आम्ही यादीत बोट ठेवू त्यांचे. ही उत्तरे न देता नुसते माहितीपत्रक पुढे सरकवले, तर तिथून उठायचे.

पैशांचा हिशेब गणिताच्या बाईला केल्याशिवाय राहवत नाही. जमीन न विकता चौदा लाख कर्ज घेतले, दहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची फेड धरली, तर महिन्याचा हप्ता साडेअठरा हजार होतो. एकूण बावीस लाखांच्या वर जातात, आणि शिकतानाचे साचलेले व्याज यात धरलेलेच नाही. मुलीला सुरुवातीला पंचवीस हजार मिळाले, तर पुण्या-बंगळुरूत खोलीचे भाडे कशातून देणार? फर्मागुडीच्या सरकारी महाविद्यालयात तिला कॉम्प्युटर, आयटी किंवा इलेक्ट्रॉनिक्स मिळाले, तर फी या आकड्याच्या जवळपासही जात नाही आणि वाळपईहून उसगावमार्गे फोंडा गाठता येतो. तिथे नंबर नाहीच लागला आणि बाहेर जावे लागले, तर आधी गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. बँकेत गेलात तर केंद्राच्या हमी योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, हे तुम्हीच आधी म्हणा. पुष्कळदा काउंटरवरचा माणूस हे आपण होऊन सांगत नाही.

क्लार्कच्या जागेसाठी पैसे मागणाऱ्या माणसाला घराच्या पायरीवरही उभे करू नका. २०२४ च्या अखेरीस अशाच प्रकरणांत राज्यात किती अटका झाल्या, ते तुम्ही वाचले असेल. नोकरी न मिळता पैसे बुडालेल्या बायका पोलीस ठाण्यात रडताना दिसल्या. आणि देणाराही कायद्याने मोकळा सुटतोच असे नाही. मुलीला सरकारी नोकरी करायची असेल तर त्यात कमीपणा काही नाही. राज्याच्या कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा संगणकावर होते, ती तिने आपल्या बळावर द्यावी. क्लार्कच्या जागेला कोकणी यावीच लागते आणि मराठी येत असेल तर चांगले, असे जाहिरातीत असते. तुमच्या मुलीला दोन्ही येतात. पण ही परीक्षा पदवीनंतरही देता येईल. अठराव्या वर्षी पुढचे शिक्षण तोडून तिला त्या रांगेत उभे करू नका.

आता तिच्या मोबाईलविषयी, कारण त्यावर मला मनापासून बोलायचे आहे.

गेल्या वर्षी एका शाळेने निबंध स्पर्धेचे कागद तपासायला माझ्याकडे पाठवले. विषय होता ‘आमच्या गावचा शिगमो’. सहा निबंधांत एकच वाक्य होते, ‘रंगीबेरंगी चित्ररथ सर्वांचे लक्ष वेधून घेतात’. चित्ररथ पणजी-फोंड्याच्या मिरवणुकीत असतात, सत्तरीतल्या वाड्यावर कुठले? त्यातला एक निबंध जिच्या गावात घोडेमोडणी होते अशा मुलीचा होता. मी तिला बोलावून विचारले, तुमच्याकडे घोडे नाचतात ना? तेव्हा ती उभ्या उभ्या दहा मिनिटे बोलली. लाकडी घोड्याचे तोंड कमरेला कसे बांधतात, तिचा भाऊ हातात तलवार घेऊन कसा नाचतो, डोक्याला फुले कोण बांधते, त्या दिवशी आई घरात काय काय सांभाळते. त्यातला एक शब्दही कागदावर नव्हता. मला फार वाईट वाटले. ही यंत्रे आधी लिहिल्या गेलेल्या अफाट मजकुरावरून पुढचा शब्द कुठला असावा, याचा अंदाज बांधत जातात. ज्याविषयी पुष्कळ लिहिले आहे, ते त्यांना चांगले येते. आपल्या वाड्यांविषयी लिहिलेलेच थोडे आहे. त्या मुलीपाशी होते ते मोबाईलपाशी नव्हते, आणि तिने आपले टाकून त्याचे घेतले होते.

तरी मी मोबाईल काढून घ्या म्हणणार नाही. २०२० मध्ये नेटवर्कसाठी सत्तरी-सांग्यातली मुले डोंगरावर जाऊन बसत होती, ते मी विसरलेले नाही. आज तीच मुले रात्री दहा वाजता एखादे न सुटणारे इंटिग्रेशन मराठीत समजावून मागू शकतात. शिकवणीला वाळपईला जायचे तर परतीची बस नाही, अशा घरातल्या मुलीसाठी हे केवढे मोठे आहे! फक्त क्रम बदलायला सांगा. आधी वहीत आपल्या हाताने, अडेल तिथपर्यंत. मग ती वही पुढे ठेवून मोबाईलला ‘उत्तर दे’ असे नाही, ‘माझी चूक कुठल्या पायरीत आहे’ असे विचारायचे. मग मोबाईल बंद करून तेच गणित दुसऱ्या दिवशी सकाळी कोऱ्या पानावर. सकाळी सुटले तर ते तिचे झाले. तिच्या सरांनाही भेटा आणि हे असे करते आहे म्हणून सांगा. सरांचा राग मुलीवर नसणार, वहीत तिच्या हाताच्या चुका दिसेनाशा झाल्या, यावर असणार. मुलाची चूकच दिसली नाही तर शिक्षक दुरुस्त तरी काय करणार?

इंग्रजीची काळजी इतकी करू नका. चौथीपर्यंत मराठीत शिकून पुढे इंजिनिअर, डॉक्टर झालेली मुले माझ्याच वर्गांतून किती तरी गेली. बोलण्याचा संकोच कॉलेजात वर्ष-दीड वर्षात जातो.

शेवटी मुलगी. चार पानांच्या तुमच्या पत्रात तिचे तीन शब्द आहेत, ‘तुम्ही ठरवाल ते’. बाकी पत्रात भाऊ आहेत, यजमान आहेत, सर आहेत, गिऱ्हाईक आहे, पैसे मागणारा माणूस आहे. मला वाटते, तिला काय हवे ते तिला माहीत आहे. पण घरात रोज कुळागराचे, चौदा लाखांचे, बाबांच्या ट्रकांचे बोलणे तिच्या कानावर पडते. तिने तोंड उघडून काही मागितले, तर त्यासाठी पोफळी जाणार, असा तिचा समज झाला असेल. अशा वेळी शहाणी मुले गप्पच बसतात. ती तुमची काळजी घेते आहे, ताई.

म्हणून आधी जमीन विकत नाही हे तिला सांगा आणि मगच काय शिकायचे ते विचारा. विचारताना एक करा. परीक्षेसाठी नव्हे तर आपल्याच मनाने तिने त्या एआयला काय काय विचारले, ते तिला दाखवायला सांगा. तपासणी म्हणून नव्हे, तिच्या शेजारी बसून, चहा घेत. तिथे औषधांविषयी असेल, पंपाच्या मोटरविषयी असेल, पोफळीवरच्या कोळेरोगाविषयी असेल. काय निघेल ते मी सांगू शकत नाही, पण भावाच्या आणि यजमानांच्या मतांपेक्षा त्यातून तुम्हाला जास्त कळेल. तिला इंजिनिअरिंग नको असेल आणि साधी बीएस्सी करायची असेल, तर तेही ऐकून घ्या.

दरम्यान रहिवासी दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. निकाल लागला की वाळपईच्या मामलेदार कार्यालयात एकच गर्दी होते. आणि गिऱ्हाइकाला नकार द्यायचा तो मुलगी घरात असताना, तिला ऐकू जाईल असा द्या.